घोडेस्वाराच्या बदल्यात एक काळा अडकित्ता

सुपारी पिकते आमच्याकडे आणि देखणे अडकित्ते मात्र घाटावर, हे मला लग्न होऊन गुहागरला आले तेव्हापासून पटलेलं नाही. आमच्या अंगणात सुपारी वाळत पडली की पाय ठेवायला जागा नसते, आणि ती कातरायला घरात काय, तर लोखंडाचा एक ओबडधोबड अडकित्ता. घाटावर पोफळीचं झाड औषधाला सापडायचं नाही. पण अडकित्ते बघावेत तर पितळेचे, मोरांचे, पोपटांचे, मुठीत चुन्याची डबी लपवलेले! असे अडकित्ते मी कित्येक वर्षं गोळा करते आहे. घरातली एक भिंत त्यांनी भरली आहे, आणि विनायक, म्हणजे माझा नवरा, आल्यागेल्याला ती दाखवताना ‘आमच्या हिचं शस्त्रागार’ म्हणतो.

आम्हा संग्राहकांचा एक व्हॉट्सॲप गट आहे. कुणी काड्यापेट्यांचे छाप जमवतं, कुणी गोटीच्या सोड्याच्या बाटल्या, कुणी एसटीची जुनी तिकिटं. जानेवारीत एका सकाळी त्या गटावर एक फोटो आला आणि माझा चहा तसाच गार झाला. पितळी अडकित्ता, त्याच्या पात्याच्या पाठीवर घोडा आणि घोड्यावर फेटेवाला स्वार. खाली लिहिलं होतं, ‘विकायचा नाही. फक्त अदलाबदल.’ पाठवणारे साताऱ्याजवळच्या एका गावातले निवृत्त सुभेदार होते. मी त्याच दिवशी फोन केला. पुढच्या रविवारी सांगलीत संग्राहकांचा मेळावाही होता. म्हणजे जायला दोन-दोन कारणं झाली, आणि निवृत्तीनंतर विनायकला गाडी बाहेर काढायला अर्धं कारणसुद्धा पुरतं.

कऱ्हाडवरून साताऱ्याकडे

कुंभार्ली घाट चढून पाटणच्या बाजूला उतरलं की हवाच बदलते. घामाची चिकचिक जाते आणि ओठ फुटायला लागतात. ऊसतोडीचे दिवस होते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून डुलत चालले होते आणि प्रत्येकावर गाणी इतक्या मोठ्यांदा लावलेली, की हॉर्न वाजवून उपयोग नव्हता. कऱ्हाडला अख्खा मसूर आणि रोटी खाल्ली. इतकी साधी डाळ इतकी चविष्ट कशी होते हे मी वाढणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, “काय न्हाई, मसुराला घाई करायची न्हाई बगा.” आमच्याकडे सगळ्यात नारळ, तसा इकडे सगळ्यात शेंगदाण्याचा कूट. दुसऱ्या दिवसापर्यंत मला तो आवडायला लागला होता, पण हे गुहागरला कुणी सासूबाईंना सांगू नये.

सुभेदारांचं गाव हमरस्त्यापासून जरा आत आहे. घराघरातून कुणी ना कुणी सैन्यात. रस्ता विचारावा तर माणसं ‘डावीकडं वळा’ म्हणतानासुद्धा ताठ उभी राहतात. सुभेदार अंगणात वाट बघत होते. उंच, गोरटेले, पांढऱ्या मिशा वर वळवलेल्या. घरात एकटेच राहतात. मुलगा, सून पुण्याला असतात.

“या, या. कोकणातनं म्हंजी लय लांबनं आलाय. आदी च्या घ्या, मग घोडं बगा.”

गुळाचा चहा घशाखाली कसा गेला ते कळलं नाही, कारण माझे डोळे मागच्या फळीवर होते. काय एकेक माल! सिंहाच्या तोंडाचे, बाहुलीचे, घुंगरं लावलेले. एक गंमत मात्र वेगळी होती. प्रत्येक अडकित्त्याच्या तोंडात सुपारीचा एक तुकडा धरलेला होता. पाती एकमेकांवर घासू नयेत म्हणून असेल, असं मी मनाशी ठरवलं.

सुभेदारांनी घोडेस्वार आणला. माझ्या हातात दिला नाही. सतरंजीवर ठेवला आणि हात मागे घेतला. मी तो उचलला. मूठ जरा दाबली की घोडा मान खाली घालायचा, सैल सोडली की वर करायचा! मी लहान मुलासारखी हसायला लागले. विनायकनेही दोनदा घोड्याला मान डोलवायला लावली. तोंडातला सुपारीचा तुकडा काढून नीट बघावं म्हणून मी बोट घातलं, तर सुभेदारांनी हात आडवा धरला.

“असू द्या ताई. त्यो असू द्या तसाच.”

मी अदलाबदलीसाठी आणलेले माझे पाच अडकित्ते सतरंजीवर मांडले. त्यात माझा लाडका दुहेरी पात्याचाही होता. सोबत आमच्या वाडीतल्या सुपारीची पिशवी दिली; ती मी जाईन तिथे देते. सुभेदारांनी सुपारीचा वास घेतला, अडकित्ते एकेक करून आदराने पाहिले आणि पुन्हा ओळीत ठेवले.

“चांगलं हायत. पर मला एकच अडकित्ता पायजे. तासगावच्या फुडं एक गाव हाय. तितं सुभद्राबाई म्हनून हायत. त्यांच्याकडं एक काळा अडकित्ता हाय, लोखंडाचा. एका मुठीला तांब्याची तार गुंडाळल्याली. त्यो आना, ह्यो घोडा तुमचा.”

“लोखंडाचा? साधा?” मी विचारलं.

“एकदम साधा.”

“मग तुम्हीच का नाही जाऊन आणत?” विनायकने विचारलं.

“माजं जानं व्हत न्हाई,” सुभेदार म्हणाले, आणि कंदी पेढे कुणाकडचे चांगले हे सांगायला लागले.

तिथून निघाल्यावर विनायक म्हणाला, “काळ्या लोखंडाच्या बदल्यात पितळेचा घोडा? यात काहीतरी पाणी मुरतंय.” मुरू दे म्हटलं. माझ्या डोळ्यांपुढे तो घोडा मान डोलावत होता आणि घरातल्या भिंतीवर मी त्याची जागाही नक्की करून टाकली होती.

सांगलीतला रविवार

सांगलीचा मेळावा एका मंगल कार्यालयात होता. आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं अजून खांबांना होती आणि नवरा-नवरीच्या खुर्च्यांवर एक गृहस्थ कुलपं मांडून बसले होते. मला तर कुठे बघू आणि कुठे नको असं झालं. पोस्टाची तिकिटं, बिल्ले, पत्र्याच्या जाहिराती, अत्तराच्या कुप्या. बाहेर भडंगाचे पुडे फिरत होते, त्यामुळे निम्म्या वस्तूंना तेलाची बोटं लागत होती आणि निम्मे संग्राहक निम्म्या संग्राहकांवर ओरडत होते.

अडकित्तेवाले एकच होते, मिरजेचे मल्लूअण्णा. हळदीच्या पेढीवर उभी हयात गेलेले, बोलणं मराठी आणि हेल कानडी. त्यांच्याकडे मोराचा एक अडकित्ता होता. मोर अगदी जिवंत! मी बदलीचं विचारलं तेव्हा अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला.

“आमी तोंडानं ठरवत नाही हो. हळदीचा सौदा जसा, तसा. टॉवेलाखाली बोटं धरायची. जेवढी बोटं, तेवढे नग. शेजारच्याला कळायला नको.”

मी उत्साहाने हात पुढे केला. अण्णा संकोचले. परक्या बाईचा हात टॉवेलाखाली धरायचा म्हणजे त्यांना पेचच पडला. “पावणं, तुमी या की,” ते विनायकला म्हणाले. मी विनायकच्या कानात ‘दोनपर्यंत’ असं सांगितलं. तो पुढे झाला, टॉवेलाखाली हात घातला आणि त्याला वाटलं ओळख करून घ्यायची पद्धत आहे. त्याने अण्णांचा अख्खा पंजा हातात घेऊन प्रेमाने हलवला.

अण्णांचा चेहरा उजळला. “पाच! ठरलं!”

माझे पाचही अडकित्ते गेले. दुहेरी पात्याचासुद्धा! टॉवेलाखालचा शब्द मागे घेता येत नाही, असं आजूबाजूच्या चौघांनी मला एकदम सांगितलं. विनायकला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी माझं तोंड बघून अण्णांनाच राहवलं नाही. त्यांनी दोन नग परत काढून दिले, पण दुहेरी पात्याचा ठेवला. मोर मात्र माझ्या पिशवीत आला, आणि जेवायला बसेपर्यंत मी तो इतक्या वेळा काढून बघितला की राग टिकलाच नाही.

तासगावच्या पुढे

सकाळी लवकर निघालो. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा, आणि मधूनमधून बेदाणा वाळवायच्या उंच शेड. आमच्याकडे सुपारी उन्हात टाकतात; इकडे द्राक्षं सावलीत, वाऱ्यावर वाळवतात. एका शेडपाशी थांबलो तर तिथल्या बाईंनी ओंजळभर अर्धवट वाळलेली द्राक्षं दिली. ना धड द्राक्ष, ना धड बेदाणा, पण चव अशी की विनायक गाडीत बसायला तयार होईना.

सुभद्राबाईंचं घर बागेला लागूनच होतं. गाव त्यांना आक्काच म्हणतं. नऊवारी, डोईवर पदर, कंबरेत किंचित वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. मी अडकित्ते जमवते हे ऐकून त्या खळखळून हसल्या.

“लोकं सोनं जमिवत्यात आन् तुमी ह्ये! बसा. हाय माज्याकडं येक. आमच्या दादांचा. वडील माजं.”

तबकात पानं, चुना, कात, मी दिलेली सुपारी आणि मधोमध काळा अडकित्ता. एका मुठीला तांब्याची तार. हाच! त्यांनीही तो माझ्या हातात दिला नाही, जमिनीवर ठेवला. त्याच्याही तोंडात सुपारीचा तुकडा. मी उचलला, उलटसुलट केला. खरंच साधा. नक्षी नाही, डबी नाही, मूठसुद्धा जरा वाकडी. मग सुभेदार याच्यासाठी घोडेस्वार का देतायत? काहीतरी गुपित याच्या पोटात असणार, या विचाराने माझी बोटं शिवशिवायला लागली. आम्हा संग्राहकांना अडकित्ता पारखायची एकच रीत ठाऊक: उघडायचा, मिटायचा आणि खिळ्याचा आवाज ऐकायचा. मी तोंडातला तुकडा काढला आणि अडकित्ता वाजवला.

कट्ट. कट्ट.

आक्कांच्या हातातलं पान खाली पडलं.

“रिकामा वाजवला,” त्या म्हणाल्या. “आगं बाई, रिकामा वाजवलासा!”

मला काही कळेना. मी माफी मागत होते, कशाची ते ठाऊक नव्हतं. आक्कांनी मला अडकित्ता खाली ठेवायला लावला, स्वतः उचलला, आमच्या वाडीतली एक सुपारी त्यात धरली आणि सपकन दोन भाग केले.

“खा. आत्ताच्या आत्ता. निम्मी तुमी, निम्मी मी. अडकित्ता हातातनं हातात दिला न्हाईतर रिकामा वाजला की भांडान लागतंय. मग ज्येनं वाजवला आन् ज्याच्या फुड्यात वाजला, त्या दोगांनी येक सुपारी वाटून खायाची. म्हंजी कटतंय.”

आम्ही समोरासमोर बसून सुपारी चघळली. आमच्याकडे कात्री रिकामी वाजवू नये म्हणतात खरं, पण त्यावर असा उतारा कुणी केल्याचं मी ऐकलेलं नव्हतं. विनायक भिंतीला टेकून आमच्याकडे बघत होता. सुपारी संपली तशा आक्कांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

“सुभेदारानं धाडलं व्हय तुमाला?”

खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. मी घोडेस्वाराची सगळी गोष्ट सांगितली.

“त्यो भाऊ माजा. धाकटा. बापू.” आक्का पदराने डोळे टिपत नव्हत्या की काही नाही, बेदाणे निवडत होत्या आणि सांगत होत्या. “दादा आजारी हुतं तवा मीच त्यांस्नी पान करून द्यायची. जाताना त्यांनी ह्यो अडकित्ता तुला म्हनून माज्या फुडं ठिवला. बापू सुट्टीवर आल्याला. म्हनला, बापाची वस्त लेकाकडं ऱ्हानार. आन् वाजवत बसला. कट्ट, कट्ट. मी म्हनलं, बापू, सुपारी घे आन् निम्मी खा. त्यो म्हनला, मी न्हाई मानत असलं. मग जी बाचाबाची झाली म्हनता! जेवान न करता उठला आन् गेला ड्यूटीवर. तवापास्नं बोलनं न्हाई. लग्नाकार्यात येतो. त्यो एका टोकाला, मी एका टोकाला.”

“आणि आता त्यांच्या घरात प्रत्येक अडकित्त्याच्या तोंडात सुपारी आहे,” मी म्हणाले.

आक्कांचा निवडणारा हात थांबला. “खरंच?”

“सगळ्यांच्या. मला एकही रिकामा करू दिला नाही.”

मला तेव्हा एकदम उमगलं आणि फार वाईट वाटलं. भांडण झालं ते अडकित्ता कुणाकडे राहायचा यावरून, हे शेंबडं पोरही सांगेल. पण या दोघांनी इतक्या वर्षांत एकमेकांना दोषच दिला नव्हता. दोष सगळा त्या दोन ‘कट्ट’ना होता. आणि जो उतारा पाच मिनिटांत झाला असता, तो करायला कुणी उठून गेलं नव्हतं.

आक्कांनी दुसरी सुपारी घेतली आणि कातरली. निम्मी स्वतःच्या तोंडात टाकली. निम्मी फडक्यात बांधून माझ्यापुढे ठेवली.

“अडकित्ता काय मी देनार न्हाई. ही तेवडी त्येला द्या. माजी मी खाल्ली म्हनावं.”

“त्यांना फोन लावून देऊ का?” विनायक पहिल्यांदाच बोलला.

“फोनवरनं सुपारी खाता येती व्हय, पावणं?”

पुन्हा सातारा

बेत असा होता की दुपारी कुंभार्ली उतरून संध्याकाळी घरी. कऱ्हाडला डावीकडे वळलो तर गुहागर. विनायकने मला न विचारता गाडी सरळ साताऱ्याकडे घेतली. मी त्याला टॉवेलाखालचा सौदा तिथल्या तिथे माफ केला.

खरं सांगते, वाटेत मला घोडेस्वार आठवत होताच. सौदा काळ्या अडकित्त्याचा होता आणि माझ्याकडे होती अर्धी सुपारी. पण त्याहून जास्त धाकधूक होती ती ‘असलं मी मानत न्हाई’ म्हणणाऱ्या माणसाची. त्यांनी फडकं तसंच परत केलं तर आक्कांना काय तोंड दाखवू?

सुभेदार अंगणातच होते. माझ्या हातात अडकित्ता नाही हे त्यांनी आधी पाहिलं. मग मी फडकं पुढे केलं.

“आक्कांनी दिलंय. त्यांची त्यांनी खाल्ली, असा निरोप आहे.”

त्यांनी गाठ सोडली. अर्धी सुपारी तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिली. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मग त्यांनी ती तोंडात टाकली, आत गेले, कोट घालून, डोक्याला पटका बांधून बाहेर आले आणि दाराला कुलूप लावलं. मी खिडकीतून फळीकडे एक नजर टाकली. घोडेस्वार आतच राहिला, आजही तो तिथेच आहे. सुभेदार जाऊन आमच्या गाडीत मागे बसले होते.

पुन्हा कऱ्हाड, पुन्हा ते उसाचे ट्रॅक्टर. सुभेदार वाटेत बोललेच नाहीत. चहाचं विचारलं तर मान हलवून नको म्हणाले, पेठनाक्याला पाणी दिलं तर तेही नको. गाल एका बाजूने फुगलेला. माणूस भरून आला की असंच होतं, असं मी विनायकला डोळ्यांनीच सांगितलं. मला तर कधी एकदा आक्कांचं गाव येतंय असं झालं होतं.

दिवेलागणीला पोहोचलो. आक्का उंबऱ्यात निरांजन घेऊन उभ्या होत्या. गाडीतून कोण उतरतंय ते त्यांना दिसलं, पण त्या हलल्या नाहीत. सुभेदार पायरीपाशी जाऊन थांबले. ताठ, फौजेत उभं राहावं तसे.

“खाल्लीस का?” आक्कांनी विचारलं.

सुभेदारांनी तोंडातून सुपारी काढली आणि तळहातावर धरून दाखवली. साताऱ्यापासून गालात धरलेली ती अर्धी सुपारी तशीच्या तशी होती.

“दात न्हाईत गं, आक्का.”

“मग दात हुतं तवा यायचं हुतंस,” आक्का म्हणाल्या, आणि खलबत्ता आणायला आत गेल्या.